वेणूबाईंचा नियमबाह्य गलगंड

रकाना १. नाव, गाव व तक्रार

१९६३ सालच्या मार्च महिन्यात कुलाबा जिल्ह्यातल्या खारदुर्ली गावी वेणूबाई बुधाजी म्हात्रे यांच्या गळ्याला गलगंड असल्याचे आढळून आले. ही बाब गंभीर होती, कारण त्या गावी गलगंड असण्यास परवानगी नव्हती.

सरकारच्या गलगंड पाहणी योजनेने देशाचे दोन भाग केले होते. डोंगराळ भाग, जेथे गलगंड होतो. आणि समुद्रकाठ, जेथे लोक मासे खातात, सबब होत नाही. खारदुर्लीच्या तीन बाजूंना मिठागरे आणि चौथीला खाडी. वेणूबाईंचा जन्म डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहण्यात गेलेला. अशा बाईने गळ्यावर लिंबाएवढी गाठ बाळगणे हा भूगोलाचा अवमान होता.

दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले होते, "गाठ श्वासनळीला दाबतेय. पावसाळ्याआधी मुंबईला नेऊन कापून घ्या." मुंबईला फुकट खाट मिळण्यासाठी पाहणी अधिकाऱ्याची चिठ्ठी लागे. मुंबईला जाणारी रेवसची लाँच पावसापायी मेअखेर बंद होई. म्हणजे हातात अडीच महिने होते, आणि चिठ्ठी लिहायला अडीच मिनिटे लागतात.

रकाना २. आहार

पाहणी अधिकारी श्री. मुतालिक यांनी टेबल देवळासमोर मांडले.

"बाई, मासे खाता?"

"न्हाय साहेब. दोन वर्सं झाली. देवीला सोडलंय."

"सोडलंय म्हणजे?"

नवरा बुधाजी पुढे झाला. "नवस बोललीय, साहेब. गळ्याची गाठ जाईस्तोवर मावरं तोंडात घालायचं न्हाय."

मुतालिक साहेबांचा चेहरा उजळला. भूगोल बचावला होता. "तरीच! मासे सोडले म्हणून गाठ झाली."

"गाठ झाली म्हणून मासं सोडलं."

"क्रमाला फॉर्ममध्ये जागा नाही, बाई."

निर्णय असा झाला की हा गलगंड सरकारी नसून खाजगी आहे. बाईंनी तो नवस बोलून स्वखुशीने टिकवला आहे. त्यांनी दोन महिने साक्षीदारांसमोर मासे खावेत. गाठ राहिलीच, तर विचार करता येईल.

रकाना ३. देवीचे म्हणणे

देवीला दिलेला शब्द देवीला विचारल्याशिवाय मोडता येत नाही. साहेबांना हे पटले. वरिष्ठांना विचारल्याशिवाय त्यांनाही काही मोडता येत नसे. त्यांनी देवीच्या नावे पत्र काढले.

मोरू गुरवाने मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पहिल्या दिवशी डावी पडली. दुसऱ्या दिवशी साहेबांना यायला साडेबारा झाले.

"बारानंतर देवी कौल देत न्हाय, साहेब."

"अरे वा. आमच्या कचेरीतही तसंच आहे."

तिसऱ्या दिवशी पाकळी पडेचना. साहेबांनी विचारले, "दोन्ही राहिल्या तर काय धरतात?"

"बसून ऱ्हायचं धरत्यात."

सगळे बसले. पाचव्या दिवशी उजवी पडली. मोरूने तीन प्रतींवर "देवीतर्फे" अंगठा उठवला. तोवर एप्रिल उजाडला होता.

रकाना ४. रुग्णाचे म्हणणे (अर्धा इंच जागेत, थोडक्यात)

गिळवत न्हाय.

रकाना ५. मत्स्यभक्षण

गावाने मासे दिले. बोंबील आले, मांदेली आली, एकाने पापलेटही दिले आणि दिल्याचे आठ दिवस सांगितले. पण वेणूबाईंच्या घशाखाली तुकडा उतरेना. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातली जैबुन्निसा डोईवर ताजे मासे घेऊन विकायला येई. तिने नारळाच्या रसात माशाचे पातळ सार करून आणले.

"पी गो वेणू, काटा नाय त्यात. तुझ्या साहेबाला सांग, मासाच हाय."

साहेब म्हणाले, "मासे 'खाल्ले' असं हवंय. 'प्याले' चालणार नाही."

"मंग तुमीच या की जेवायला," जैबुन्निसा म्हणाली. "गळ्याला उपरणं आवळून बसा नि खाऊन दाखवा!"

साहेब जेवायला आले. उपरणे सैल ठेवून त्यांनी पापलेट खाल्ले. साक्षीदारांनी मासे खाल्ले गेल्याची सही केली.

रकाना ६. कोबी

मेमध्ये नवे परिपत्रक आले. कोबी गळ्यातल्या ग्रंथीस अपाय करू शकतो. गावाने तो खाणे बंद केल्याचा दाखला द्यावा.

"कोबी म्हंजी काय?" बुधाजीने विचारले.

"म्हणजे तुम्ही खात नाही?"

"बगितला पन न्हाय."

"मग बंद कसा करणार? न खाणं वेगळं आणि बंद करणं वेगळं."

लाँचने सहा पोती कोबी आला. बंद करण्याच्या सोयीसाठी तो आठ दिवस घरोघर वाटण्यात आला. सुक्या जवळ्यात घातल्यावर तो इतका झकास लागला की नवव्या दिवशी कोणी बंद करीना. गावकऱ्यांनी आणखी पोत्यांसाठी अर्ज केला. तो चार दिवसांत मंजूर झाला.

कोबी उतरवून लाँच परत जायची, तेव्हा रिकामी असायची. बुधाजी रेवसच्या धक्क्यावर उभा राहून ती पाहायचा. भाडे त्याने जमवले होते. चिठ्ठी नव्हती.

रकाना ७. निष्कर्ष

तीस मे रोजी साहेबांनी गाठीवर टेप लावली. गाठ वाढली होती.

"मासे खाऊनही गेली नाही. अर्थात हा गलगंड नव्हेच."

"मंग काय हाय, साहेब?"

"ते आमच्या खात्यात येत नाही."

"तिला दम लागतोय. बोलवत न्हाय तिला."

"श्वासाचा विभाग वेगळा आहे, बुधाजी. तिकडे अर्ज करा. आमच्याकडून हरकत नाही, असं लिहून देतो."

ते पत्र मात्र त्यांनी लगेच दिले. ते हाती धरून बुधाजी बायकोला पाटीत बसवून रेवसला घेऊन गेला. धक्क्याशी लाँच पावसाळ्यासाठी वर ओढून तिच्या तळाला डांबर फासणे चालू होते.

रकाना ८. एकूण गलगंडग्रस्त

शून्य.

हा आकडा एक जूनला लिहिला गेला. नऊ जूनपासून तो बरोबर होता.

रकाना ९. जनतेचा प्रतिसाद

अहवालाचा सारांश वर्तमानपत्रात आला, कोबीच्या परिपत्रकासकट आणि मागाहून जोडलेल्या शेवटच्या वाक्यासकट: "बाईंचे नऊ जून रोजी श्वास कोंडून निधन झाले." संपादकांकडे वाचकांची एकशे बारा पत्रे आली. सर्व वाचक सुशिक्षित आणि आपापल्या प्रकृतीविषयी जागरूक होते. सर्वांनी एकच प्रश्न विचारला होता: कोबी शिजवून घेतला तर चालतो का?

चालतो. माफक खाल्ला तर कच्चाही चालतो. गळ्याशी गेलेला हात आता खाली घ्या. तुम्हाला काही झालेले नाही.