पुरचुंडीवाले तात्या

१९९४. दिवाळीनंतरचा रविवार. गोधड्या उन्हात टाकायचं काम काढलं होतं. पहिली गोधडी दोरीवर पडते न पडते तोच शेजारचे नामदेवतात्या आले, तिचं टोक नाकाशी धरलं आणि म्हणाले, "वहिनी, ही पावसाळाभर पेटीत तळाला व्हती."

होती.

भवानीनगरच्या आमच्या गल्लीत तात्यांपासून काही लपायचं नाही. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते घरोघरी वास घेत फिरायचे. उंबऱ्यात उभं राहून दोनदा हुंगलं की निदान तयार. "काल सुकट भाजली." "पोराचं मोजं खाटंखाली हायेत." मग पिशवीतून पुरचुंडी निघायची. कपाटात ओवा-कापूर, उशीखाली मरवा, फरशी पुसायच्या पाण्यात निलगिरीच्या तेलाचे चार थेंब. पाचवा पडला तर रागवायचे. "तेल हाय, कालवण न्हाय." परसातला गवती चहा लिंबाच्या सालींबरोबर उकळून ते वाफाळतं पातेलं आमच्या घरातून आरतीसारखं फिरवायचे.

उपाय लागू पडायचे, हे कबूल. घोटाळा एकदाच झाला. माठात सोडायची वाळ्याची पुरचुंडी आणि कपाटातली कापराची, दोन्ही एकाच जुन्या धोतराच्या फडक्यातल्या. नणंदेला बघायला निमगाव केतकीहून पाहुणे आले त्या दिवशी आमच्या ह्यांनी माठात कापूर सोडला. मुलाच्या आजोबांनी एक घोट घेतला, थबकले, उरलेलं पाणी तळहातावर घेऊन डोक्याला लावलं आणि विचारलं, "तीर्थ कुठल्या देवाचं म्हणायचं?" लग्न जमलं. ते आपणच जमवलं असं तात्या सांगतात.

गल्लीला एकच खटकायचं. सगळ्यांच्या घरात शिरणारे तात्या स्वतःच्या घरात कुणाला घेत नसत. त्यांच्या पत्नी इंदूकाकी पक्षाघातानं वर्षभर खाटेवर होत्या. भेटायला गेलं की तात्या दारात आडवे. "अजून वास हाय. गेला की बोलावतो." हळूहळू बायकांनी जाणंच सोडलं.

त्या रविवारी गोधड्यांसाठी मरवा तोडायला तात्या परसात गेले. त्यांचं दार उघडं होतं. मी सरळ आत शिरले.

"या की," काकी जड जिभेनं म्हणाल्या. "लई दिसांनी."

"तात्या येऊ देतात का?"

"मागं एक बाई नाकाला पदर लावून बसली हितं. त्या दिसापास्नं ह्यांनी हे धरलंय. आदी तुमच्या घरात करून बगत्यात, गुण आला की हितं करत्यात. म्हनत्यात, वास गेला की बायका येतील, तुला करमंल."

मागं तात्या मरवा घेऊन उभे होते. "वहिनी, खरं सांगा. येतोय?"

कापूर होता, गवती चहा होता, निलगिरी होती. आणि त्या सगळ्याखाली आजारपणाचा वास होताच.

"येतोय थोडा," मी म्हटलं. "माणूस झोपून आहे म्हटल्यावर येणारच. त्यासाठी बायकांना कशाला अडवता?"

तात्यांनी कोपऱ्यातली लोखंडी खुर्ची पुढं ओढली आणि खांद्यावरच्या टॉवेलनं ती पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेथीची जुडी आणि परात घेऊन मी त्या खुर्चीत जाऊन बसले. निम्मी मेथी काकींच्या चांगल्या हाताशी ठेवली.