पाणकावळ्यांखालची बाटली

पाण्याची बाटली भरावी तर ग्लिगोरनंच! हे मी नाही सांगत, आमच्या दोयरान तळ्यातले मासेसुद्धा सांगतील. एकोणीस वर्षांत तपासणीची एक बाटली माझ्या हातून वाया गेली नाही. म्हणूनच मुद्दाम बिघडवायची वेळ आली तेव्हा तीही मी अशी बिघडवली की दोन देश हादरले!

त्याचं असं झालं. तळ्याच्या मधोमध सीमा आहे. अलीकडे आमचा मॅसेडोनिया, पलीकडे ग्रीस. उन्हाळ्यात दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दोन्हीकडच्या होड्या मध्यावर भेटतात आणि आपापल्या किनाऱ्याच्या पाण्याची बाटली एकमेकांना देतात. म्हणजे कुणाला थापा मारायला नकोत! पलीकडच्या होडीत एवांथिया असते. तिचा नवरा जाऊन सात वर्षं झाली, मी तर बिनलग्नाचाच. बाटल्यांची देवघेव, तिच्या थर्मासमधली कॉफी, फार तर बारा मिनिटं. वर्षातून पाचदा. बाकीचं वर्ष मी संध्याकाळी पलीकडचे दिवे बघत बसतो. फार आठवण येते हो! पन्नाशीच्या माणसानं असं बोलू नये, पण येते.

आणि जुलैत पत्र आलं. चार वर्षं पाणी उत्कृष्ट आहे, ऑगस्टनंतर वर्षातून दोनदाच तपासा! म्हणजे कॉफीही दोनदाच!

माझा मेव्हणा मेतोदी काठावर खानावळ चालवतो. तो म्हणाला, "अरे, मोटारीनं वीस मिनिटांचा रस्ता! जा की भेटायला!"

"जाऊन सांगू काय? का आलो म्हणून?"

"ते तू बघ बाबा. मला मासे तळायचेत."

मला मात्र नियम आठवला. पाणी खराब निघालं, तर साफ होईपर्यंत दर तीन दिवसांनी तपासणी! दर तीन दिवसांनी कॉफी!

आता आम्ही दोयरानकर हिवाळ्यात पाणकावळ्यांकडून मासे हाकवून घेतो आणि बोरूच्या कुडांत कोंडतो. उन्हाळ्यात हेच पाणकावळे कुडाच्या खांबांवर बसून जे काय करतात, ते सगळं खालच्या पाण्यात पडतं. ऑगस्टच्या मंगळवारी मी होडी तिथे नेली, बाटली गच्च भरली आणि मध्यावर जाऊन एवांथियाला दिली. थोडं माझ्या टोपीवरही पडलं.

तिसऱ्या दिवशी आमच्या साहेबीण वेलिकाबाईंचा फोन. "ग्लिगोर! हे आकडे तळ्याचे आहेत की गटाराचे?"

दुपारपर्यंत किनाऱ्यावर लाल झेंडे लागले. संध्याकाळी टीव्हीवाले आले. गावातल्या म्हाताऱ्या दुकानातलं बाटलीबंद पाणी आणून पाय धुवायला लागल्या! आणि दोन दिवसांवर गावची जत्रा, खानावळ भरायचा दिवस. मेतोदी कपाळ बडवत आला.

"दीडशे किलो मासा आणून ठेवलाय! आता काय पाणकावळ्यांना घालू?"

"त्यांना नको रे," मी बोलून गेलो, "त्यांना आधीच पुरेसं झालंय."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग माझ्या टोपीकडे. बहिणीनं त्या दिवसापासून मला जेवायला बोलावलेलं नाही.

पण फेरतपासणी ठरली! मी शर्टाला इस्त्री केली, दाढी दोनदा केली. होडी मध्यावर नेली तर काय, चौदा माणसांची समिती! एवांथिया तिसऱ्या होडीत, सहा साहेबांच्या मागे.

समितीचे अध्यक्ष गरजले, "दोन्ही किनारे एकाच दिवशी घाण? पलीकडची बाटली तर अलीकडच्यापेक्षाही वाईट!"

मी चमकलो. पलीकडे तर कूडही नाहीत! मी एवांथियाकडे पाहिलं.

"बदकं," ती हळूच म्हणाली. "आमच्याकडे बदकं फार झालीत, ग्लिगोरराव." आणि कानापर्यंत लाल झाली.

देवाशप्पथ, एकोणीस वर्षांत इतकं सुंदर वाक्य मी ऐकलेलं नाही! मी उठून उभा राहिलो, होडी कलली, आणि तेवढ्यात अध्यक्षांनी निकाल दिला, "माणसांचा भरवसा नाही. इथे यंत्र बसवा. ते तासातासाला दोन्ही देशांना आकडे कळवेल!"

यंत्र बसलं. दिवसातून चोवीसदा बोलतं मेलं, दोन्हीकडे.

शेवटी एका मंगळवारी मी मोटार काढली. सीमेवर शिपायानं विचारलं, "काय काम?" मी म्हणालो, "खासगी." स्वतःचाच आवाज ऐकून घाम फुटला. एवांथियानं दार उघडलं. अंगावर घरातला एप्रन, हात पिठाचे.

"ग्लिगोरराव! तुम्ही? कसं काय येणं केलंत?"

वीस मिनिटं रस्ताभर घोकलेलं सगळं उडालं. "पाणी मिळेल का प्यायला?" मी म्हणालो.

तिनं पेला भरून आणला. दारातच उभी राहिली, बघत. मी दुसरा मागितला. मग तिसरा. तिसऱ्यानंतर म्हणालो, "पाणी उत्तम आहे," आणि परत आलो.

निदान 'बसू का जरा?' विचारायचं होतं, हे मला सीमा ओलांडल्यावर सुचलं!