मेश्रामभाऊंच्या अकरा मांजरी

नागपूरच्या मे महिन्यात अंगावरचा सदरासुद्धा नकोसा होतो. अशा उन्हात आमचे शेजारी मेश्रामभाऊ लोकरीचा ओव्हरकोट घालून, हातांत जाड मोजे चढवून आणि मानेभोवती घोंगडी गुंडाळून अंगणात उभे असत. ते मांजर पकडायला निघालेले असत. मुलांनो, मांजराला इतका घाबरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"मग पकडता कशाला?" मी एकदा विचारलं.

"भेव लागते, बाई. पण मले मांजरीचं भेव, अन् मांजरीले देशकरसाहेबाचं."

आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, मागच्या भिंतीवर अकरा बेवारशी मांजरी राहत. निवृत्त कारकून मेश्रामभाऊ एकटेच. ते लांबूनच, काठीने ताटली सरकवून, त्यांना दूध-पोळी घालत. एकदा मांजरींनी समोरच्या देशकरसाहेबांचं दुधाचं पातेलं लवंडलं आणि त्यांनी सगळ्यांसमोर बजावलं, "अजून एक वेत झालं ना मेश्राम, तर अकराच्या अकरा पोत्यात भरून शहराबाहेर वाडीला, ट्रकांच्या गर्दीत सोडून येईन."

मेश्रामभाऊ दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांची हयात गाई-म्हशींत गेलेली. मांजरींची पिल्लं बंद करा म्हणणारा हा पहिलाच इसम. तो रोजच येऊन बसू लागला, तेव्हा ते कबूल झाले.

मग सुरू झालं. सुक्या झिंग्यांचं आमिष, वरून मच्छरदाणी, मच्छरदाणीसकट मांजर प्रवासात अंथरूण बांधायच्या होल्डॉलमध्ये आणि होल्डॉल सायकलरिक्षात. आतून गुरगुर, बाहेरून विनवणी : "गुमान राह्य वं माय, मी बी भेऊनच राहिलो."

पण हे कशासाठी, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पाचवी मांजर परतली तशा देशकरवहिनी माझ्याकडे धावत आल्या. "अवं बाई, एकेकीचं पोट भादरलेलं, अन् वर जांभळा डाग! करणी हाय ही!"

संध्याकाळपर्यंत दारोदार लिंबू-मिरच्या लटकल्या. आमच्याही दारावर. मी, शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईने, त्या स्वतः बांधल्या, हे तुमच्या आजोबांना कधी कळलं नाही.

शेवटी मेश्रामभाऊ घरोघर फिरले. "करणी नाही जी, ऑपरेशन हाय. जांभळं ते औषध. आम्ही छप्पन साली दीक्षा घेतली, तवाच सोडलं ते सारं."

"ठीक आहे," देशकरसाहेब म्हणाले, "पण त्या भुरीला पिल्लं झाली, तर मी बोललो ते करणार."

एकेक करत दहा झाल्या. उरली भुरी. सगळ्यांत म्हातारी, बाळंतपणांनी हाडांचा सापळा झालेली. डॉक्टरांनी तिला उचलून पाहिलं. "फार अशक्त आहे. भूल सोसेलच असं नाही."

ऑपरेशन नाही केलं तर अकराही जणी पोत्यात. केलं तर कदाचित भुरी टेबलावरच संपणार. मेश्रामभाऊ "करा" म्हणाले आणि तिला आत नेलं. त्या दिवशी त्यांनी मला सोबत नेलं होतं. बाहेरच्या बाकावर, भर उन्हाळ्यात, त्यांचे दात वाजत होते.

"बाई, मारली का जी म्या तिले?"

मी थर्मासमधलं पाणी पुढे केलं. ते त्यांच्या हातून कोटावरच सांडलं. आतून कसलाच आवाज येत नव्हता. मीही दाराकडे पाहायचं बंद केलं.

तासाभराने डॉक्टर बाहेर आले. "डोळे उघडलेत तिने. जा आता निश्चिंत. तुमच्या भिंतीवर पुन्हा एक पिल्लू होणार नाही."

मेश्रामभाऊंनी हात जोडले, हसले. मग आम्ही रिक्षात बसलो. होल्डॉल त्यांच्या मांडीवर होता.

"एक बी नाही होणार?"

"नाही."

"मांजर किती वर्षं जगते जी?"

"आठ-दहा. नीट सांभाळली तर जास्त."

ते बोटांवर काहीतरी मोजू लागले. "मले बासष्ट चालू हाय," म्हणाले. मग भुरीवर ऊन येत होतं म्हणून होल्डॉल माझ्या बाजूच्या सावलीत सरकवला.

"पुरतीन ह्या मले."