चौऱ्याण्णव साल अजून यायचंय!

आमच्या गोटीची दुपारची एक झोप म्हणजे चाळीस मिनिटं. तेवढ्यात मी काय वाट्टेल ते करू शकते! बाळंतपणाच्या रजेनंतरचं हे पहिलंच काम. हे जमलं तरच घरून नोकरी, असं मॅडमनी बजावलं होतं. आणि काम तरी केवढं? वाचनालयाची जुनी पुस्तकयादी आमच्या नव्या वेबसाइटवर दाखवायची. त्यांचा सर्व्हर प्रत्येक पानासोबत ते शेवटचं कधी बदललं ती तारीख पाठवतो. ती आपल्या प्रतीपेक्षा नवी असेल, तर पान पुन्हा आणायचं. बस्स!

गोटीच्या मांडीवर डास चावल्याचा लाल ठिपका होता. त्यावर मलम लावलं, तिला थोपटून झोपवलं आणि बसले.

सर्व्हर भलताच म्हातारा निघाला. तारीख जुन्या वळणाची, सालाचे दोनच अंक: ९४. त्यात काय! मी पुढे २० चिकटवलं आणि प्रोग्राम सोडून दिला.

बाराव्या मिनिटाला ग्रंथपालांचा फोन. "अहो बाई, सेकंदाला तीस वेळा तीच यादी मागताय! आमचा सर्व्हर जिना चढलेल्या आजोबांसारखा धापा टाकतोय!"

पाठोपाठ मॅडम. "लोक हातात पुस्तकं घेऊन खोळंबलेत! चार वाजेपर्यंत निस्तर, नाहीतर घरून काम विसर!"

प्रोग्राम बंद केला तर यादी गायब, चालू केला तर सर्व्हर गार! तेवढ्यात गोटीनं भोकाड पसरलं. सासूबाई तिला कडेवर घेऊनच आत आल्या. जन्मनोंदणीच्या कचेरीत तीस वर्षं काढलेली बाई!

"दोघींपैकी नक्की रडतंय कोण?"

"आई, हे पान म्हणे दोन हजार चौऱ्याण्णव साली बदललं!"

"ते साल उजाडायचंय की अजून!"

"तेच ना! म्हणून प्रोग्रामला दर वेळी वाटतं, नवीन आलं, पळा, आणा!"

"अगं, आमच्या वहीतही दोनच अंक असायचे. जे साल आलंच नाही, ते मागच्या शतकातलं धरायचं. नाहीतर निम्मं शहर अजून जन्माला यायचं होतं!"

मी झटकन इंटरनेटवरच्या तारखांचे नियम उघडले. दोन अंकी साल पन्नास वर्षांहून पुढचं दिसलं, तर मागचं शतक धरा, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं! जगभरच्या शहाण्यांनी बसून जे ठरवलं, ते या बाईनं नातीची लाळ पुसता पुसता सांगितलं होतं. पायच धरावेत, पण मध्ये कडेवरची गोटी लोंबकळत होती.

दोन ओळी बदलल्या. सर्व्हरची धाप थांबली. चारला पाच कमी असताना मॅडमचा निरोप आला: "शाब्बास! तारखांचं सगळं काम यापुढे तुझं. घरूनच कर."

"ऐकलंत, आई? तारखांची तज्ज्ञ!"

"ऐकलं हो. मग तज्ज्ञबाई, गोटीची लस कधी होती?"

मी कॅलेंडरकडे पाहिलं. आज सकाळी दहा!

"घाबरू नकोस, टोचून आणलं. सकाळी तू याच कामाचे कागद वाचत होतीस, तेव्हा तुला सांगूनच गेले होते. स्क्रीनवरची नजर न काढता म्हणालीस, 'हो, ठेवा तिथे.'"

मी गोटीला मांडीवर घेतलं आणि ते डासाचं मलम हळूच पुसून टाकलं.