मेश्राम काकांचा तवा

मेश्राम काकांच्या गाडीत पुढच्या सीटवर एक लोखंडी तवा बसतो. सीटबेल्ट लावून. पहिल्यांदा त्यांच्यासोबत निघाले तेव्हा मला मागं बसवलं. "ब्रेक मारला की तो खाली पडते," म्हणाले, "तू काही पडत नाहीस." म्हटलं, धन्य आहे.

काका मूळचे नागपूरचे. वय एकाहत्तर. अमेरिकेत डॅलसजवळच्या प्लेनोतल्या एका इन्शुरन्स कंपनीतून रिटायर झाले आणि फ्रिस्कोत आमच्या शेजारच्या घरात एकटेच राहतात. फोन उचलला की आधी "जयभीम" आणि लगेच "काय करून राहिली?" अमेरिकेत येण्याआधी ते नागपुरात एका फोटो स्टुडिओत नोकरीला होते, एवढंच आम्हाला माहीत होतं.

एकदा समोरच्या केनियन कुटुंबानं त्यांना चर्चचा ग्रुप फोटो कौतुकानं दाखवला. काकांनी चष्मा पुसून पाहिला आणि विचारलं, "याच्यात कपडे आहेत. माणसं कुठं आहेत?" दुसरा कोणी असता तर भांडण झालं असतं. पण खरंच, पांढरे शर्ट झगझगीत आले होते आणि चेहऱ्यांच्या जागी नुसते दात. त्या आठवड्यातच काकांनी लायब्ररीत एक खोली बुक केली. दर शनिवारी फोटोग्राफीचा वर्ग, फुकट, आफ्रिकेतून आलेल्या आणि फोटोग्राफर व्हायचं असलेल्या कोणालाही. केनिया, नायजेरिया, इथिओपिया, बारा जण आले.

पहिले तीन शनिवार काकांनी त्यांना माणसाचा फोटो काढू दिला नाही. टेबलावर तवा ठेवला. खिडकीपाशी, कोपऱ्यात, दिव्याखाली, जिथं ठेवाल तिथं त्याचा काळा काळाच आला पाहिजे. "कॅमेरा येडा असते. काळं दिसलं की त्याले वाटते अंधार आहे, मग राख फासते. पांढरं दिसलं की घाबरते, मग सगळं अंधारात बुडवते. तुम्ही त्याचं ऐकू नका." हे सगळं ते इंग्रजीत सांगत, पण इंग्रजीही नागपूरच्याच चालीत. मी एकदा हळूच म्हटलं, "काका, आपल्याकडे सावळ्या मुलीला तव्यावरून टोमणे मारतात हो." ते म्हणाले, "म्हणूनच तर तवा आणला. पाह्य त्याच्याकडे नीट, किती रंग आहेत." पाहिले. कडेला निळसर, मधे तेलकट, दांडीपाशी तपकिरी. बाईच्या जातीनं रोज पोळ्या भाजूनही मला ते कधी दिसले नव्हते.

वर्गात सगळ्यांत हुशार वांजिरू. केनियाची, पंचविशीतली, नर्सिंग होममध्ये काम करायची. तिची आई वेण्या घालायचं दुकान चालवते आणि अमेरिकेत आल्यापासून कुठल्याच फोटोत उभी राहत नाही. म्हणायची, फोटोत मी नसतेच, माझा डाग असतो. काकांनी वांजिरूला सहा महिने त्या दुकानात बसवलं. कॅमेरा न काढता आधी उजेड बघ म्हणाले, किती वाजता कुठून येतो ते. शेवटी तिनं आईचा एक फोटो काढला. मी तो दोनदा मागून पाहिला.

लायब्ररीत एका शनिवारी प्रदर्शन ठरलं. डॅलसच्या एका गॅलरीची बाई येणार होती. बारा जणांतल्या एकाला ती वर्षभर हाताखाली घेणार आणि त्याचं स्वतंत्र प्रदर्शन लावणार. वांजिरूला ते हवं होतं, इतकं हवं होतं की तिनं त्याबद्दल बोलणंच बंद केलं.

आता माझा पराक्रम ऐका. फाइल्स प्रिंटला पाठवायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी 'कंप्युटरवाली'. मला फोटो जरा डार्क वाटले. मावसबहिणीच्या लग्नाच्या बायोडेटाचा फोटो मीच उजळवून दिला होता, सगळे खूश झाले होते. त्याच हातानं मी बाराही फोटो उजळवले. थोडेसेच. वर मनात म्हटलं, पोरांना मदत झाली.

शुक्रवारी सकाळी प्रिंट आले. वांजिरूनं आईचा फोटो उचलला, बराच वेळ पाहिला. "काका, धिस इज नॉट माय मदर."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कबूल केलं. ओरडतील वाटलं होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त गाडीची किल्ली उचलली. "चल. मूळ फाइल्स घे." त्या दिवशी तवा मागं गेला आणि मी पुढं बसले. लॅबवाला म्हणाला, सोमवारी देतो. काका म्हणाले, मी थांबतो. आणि खरंच मशीनपाशी उभे राहिले, एकेक प्रिंट खिडकीत नेऊन पाहत, नापास करत. संध्याकाळी लॅबवालाच त्यांना विचारायला लागला, "हा चालेल का?"

शनिवारी वांजिरूची आई आली. स्वतःच्या फोटोसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग दुकानातल्या चौघींना हाताला धरून बघायला आणलं, स्वतः फोटोशेजारी उभी राहिली आणि लेकीला म्हणाली, आता आम्हा दोघींचा काढ, हिचा आणि माझा. गॅलरीची बाई हे सगळं बघत होती. तिनं वांजिरूचं नाव घेतलं तेव्हा इतका दंगा झाला की लायब्रेरियन धावत आली, आणि ती पण टाळ्या वाजवायला लागली. मी रडले, लाज कशाला वाटायची.

काका कुठं दिसेनात. बाहेर पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभे होते.

"काका, माझं फार चुकलं."

"तुझं काल संध्याकाळी दुरुस्त झालं नं. सोड." मग म्हणाले, "स्टुडिओत माझं कामच ते होतं. नवऱ्या मुलींचे फोटो गोरे करायचं. निगेटिव्हवरच बारीक पेन्सिल फिरवायची, म्हणजे फोटोत चेहरा उजळ येते. माझ्या लग्नात कुसुमचा केला मी. मोठ्या हौसेनं, रात्रंदिवस एक करून. तिनं पाहिला आणि म्हणे, फोटो छान आहे, पण ही बाई कोण? लय हसलो आम्ही."

मला त्यांचं लग्न झालं होतं हेच माहीत नव्हतं.

"दुसऱ्या वर्षी काविळीनं गेली. तिचा तेवढाच फोटो आहे. पेन्सिल निगेटिव्हवर, काढू म्हटलं तर निघत नाही." आतून पोरं त्यांना हाका मारत होती. ते निघाले, पुन्हा थांबले. "पंचेचाळीस वर्षं झाली. आता डोळे मिटले तरी ती फोटोतलीच बाई येते. कुसुम नाही येत."