चिमीच्या दाढा आणि भरलेलं कपाट

"हाडात स्क्रू? माझ्या पोरीच्या?" सुतारबुवांनी संमतीचा कागद जेवणाच्या टेबलावर परत ठेवला. "नाही म्हणजे नाही."

चिमीच्या दाढा मागे सरकवायच्या होत्या. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तीन मार्ग सांगितले होते. पुढच्या दातांच्या आधाराने ओढायच्या, तर तेच दात आणखी पुढे येण्याची भीती. डोक्यामागून पट्टा लावायचा, तर वर्षभर रोज चौदा तास. नाहीतर जबड्याच्या हाडात बारीकसा स्क्रू बसवून त्याच्या आधाराने ओढायच्या.

"पट्टा लाव."

"वर्षभर? सगळे घोडा म्हणतील मला. मी शाळाच सोडेन, बाबा." चिमी अगदी शांतपणे म्हणाली.

"तीस वर्षं स्क्रू पिळतोय मी. ओढ बसली की उपटून येतो. थांब, दाखवतोच."

आणि बुवा पेटले. भरलेलं कपाट म्हणजे दाढ. त्याला दोरी बांधून दुसरं टोक जेवणाच्या टेबलाला अडकवलं आणि मध्ये काठी घालून पीळ दिला. टेबलच कपाटाकडे निघालं. मग दोरी स्वतःच्या कमरेला बांधली. कपाट बोटभर हललं, तेवढ्यात फोन वाजला. बुवा दोरी सोडून गेले आणि काम ठप्प.

"हा पट्टा," चिमी म्हणाली. "काढला की संपलं."

"आगाऊपणा नको."

शेवटी समोरच्या भिंतीत भोक पाडून त्यांनी लांबलचक स्क्रू बसवला आणि दोरी त्याला अडकवली. "बघ आता." पिळावर पीळ दिले. स्क्रू ढिम्म. कपाट मात्र गुमान सरकत थेट त्या भिंतीशी, स्क्रूच्या शेजारी येऊन टेकलं. बुवांचं तोंड एवढंसं झालं. रागारागाने त्यांनी स्क्रू उलटा फिरवून काढला, तशी पाण्याची चिळकांडी सरळ त्यांच्या नाकावर बसली. आत पाइप होता.

त्यांनी भोकावर अंगठा दाबला. "कॉक बंद करा आधी."

"कॉक कपाटामागे गेलाय," आई म्हणाली आणि एकेक कप्पा रिकामा करू लागली. "तुम्ही हलू नका. सध्या घरात न हलणारे तुम्ही एकटेच आहात."

चिमी कागद आणि पेन घेऊन समोर उभी राहिली.

बुवांनी कागदाकडे पाहिलं. नाकावरून पाणी ठिबकत होतं. "स्क्रू पक्का बसतो, ते कबूल. पण त्या बाईंनीही असंच आंधळेपणाने भोक पाडलं तर?"

"त्या आधी एक्स-रे काढतात, बाबा."

बुवांनी डाव्या हाताने सही केली.