सात हातांची गल्ली

नाना कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी खोली मोजायचे. दाराशी चपला काढायच्या, भिंतीला टाच लावायची आणि पावलापुढे पाऊल ठेवत समोरच्या भिंतीपर्यंत जायचं. घरची बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभीच. मग निकाल लागायचा, "अकरा फूट चार इंच. बिल्डरनं बारा सांगितले असतील." माझी बायको गेली तेव्हा ते भेटायला आले, तेव्हाही त्यांनी खोली मोजली, फक्त आकडा सांगितला नाही. एवढी सवलत त्यांनी दुसऱ्या कुणाला दिल्याचं मला आठवत नाही.

पिंप्राळ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. नाना जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. साक्री-शिंदखेड्याच्या बांधांवर त्यांनी पस्तीस वर्षं साखळी ओढली होती. 'अंदाजे' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. "अंदाजे म्हणजे इस्त्री केलेलं खोटं," असं म्हणायचे. सोसायटीतलं भांडण असो की निवडणुकीची चर्चा, त्यांचं म्हणणं एकच : "आधी टेप लावा, मग बोला."

असा माणूस सत्तरीनंतर एका खुनाच्या मागे लागला.

खून नानांच्या आजोबांच्या तरुणपणचा. शिंदखेड्याजवळच्या त्यांच्या गावात एका धान्याच्या व्यापाऱ्याला पहाटे त्याच्याच मागच्या दारात कुऱ्हाडीनं मारलं होतं. नानांचे आजोबा, म्हणजे आबा, गल्लीच्या अलीकडे राहायचे. त्यांनी कोर्टात सांगितलं की मारणारा शेठजींचा भागीदार होता, मी माझ्या घरून पाहिलं. भागीदार काळ्या पाण्यावर गेला. गाव मात्र म्हणत राहिलं की आबाच्या घरून ते दार दिसतच नाही, आबा खोटं बोलला. घराण्याला 'खोट्या साक्षीवाले' हे नाव चिकटलं. नानांची थोरली बहीण, अक्का, त्या नावापायी शाळेतून रडत घरी यायची. ऐंशी ओलांडलेल्या अक्कांनी एक दिवस शिंदखेड्याहून फोन केला.

"नाना, तू बठ्ठी दुनियाना बांध मोजात. आते इतलं मोजी दे. आबा खोटं बोलना का? मी मराना पहिले माले सांग."

तिथली घरं केव्हाच पडली होती. मोजायचं काय? नानांनी मुलीचा जुना कॉम्प्युटर मागवला, मोबाइलवर हिंदी धडे पाहिले आणि ती गल्ली कॉम्प्युटरमध्ये पुन्हा उभी करायला घेतली. नुसतं चित्र नव्हे. लांबी, रुंदी, उंची सगळं असलेली, आत शिरून कुठूनही पाहता येईल अशी. पहिल्या महिन्यात दुकान हवेत तरंगत होतं आणि शेळीला पाच पाय होते. शेळी कशाला, असं मी विचारलं. "पंचनाम्यात आहे," नाना म्हणाले.

धुळ्याहून खटल्याच्या कागदांची नक्कल आणली होती. ती मोडीत, आणि मला मोडी येते, म्हणून मी रोज दुपारी वाचायला जायचो. त्यांचा नियम असा, की ज्या वाक्यात आकडा नाही ते वगळायचं.

"गल्लीची रुंदी सात हात," मी वाचलं.

"कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे?"

"पंचाचे की फौजदाराचे? हात काय सगळ्यांचे सारखे असतात?"

काम पंधरा दिवस अडलं. शेवटी नाना गावी गेले. पंचनाम्यात सहा हात लिहिलेला विहिरीचा दगडी कठडा अजून जागेवर होता. तो मोजून आले आणि दारातूनच म्हणाले, "हात सव्वासतरा इंची. मोजणारा ठेंगणा होता." शंभर वर्षांपूर्वीचा, नावगाव नसलेला एक माणूस त्यांनी त्या दगडातून बाहेर काढला होता.

कागदात आबांच्या अंगणाला 'खळं' म्हटलं होतं. नानांनी भर गावात मळणीचं खळं केलं, मधोमध खांबही रोवला, आणि घरांच्या मधे मळणी कोण करतं, म्हणून चार दिवस कुरकुरत राहिले. शेठजींना दारात पडलेलं दाखवावं लागायचं. पण संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करताना ते शेठजींना उचलून गादीवर बसवायचे. म्हणायचे, "पंच घरी जातात ना? मग यांनी का पडून राहायचं?"

एका दुपारी सगळं जागेवर बसलं. आबांची जागा कळावी म्हणून साक्षीतलं एकच बिनआकड्याचं वाक्य घेतलं होतं, 'मी ओट्यावर निजलो होतो.' नानांनी आबांना ओट्यावर ठेवलं आणि आम्ही त्यांच्या डोळ्यांनी पाहिलं. समोर अंगणाची भिंत. दार दिसत नव्हतं.

नानांनी मापं दोनदा तपासली. भिंत हातभर खाली घेतली असती तर दार दिसलं असतं, आणि ते कुणाला कळलंही नसतं. त्यांनी ती घेतली नाही. फोन लावला.

"अक्का, ओटावरथीन दार दिखत नही."

"ओटावर? ओटावर कोन जपस रे? उन्हायामा बठ्ठा गाव धाबावर जपे."

धाबं म्हणजे आमच्याकडच्या घरांचं मातीचं सपाट छप्पर; उन्हाळ्यात सगळं गाव तिथं झोपायचं. ते ऐकलं आणि मला खळं आठवलं. अंगणाला खळं म्हणतात ते कोकणात. साक्ष लिहून घेणारा कारकून तिकडचा असणार. उतरत्या कौलांखाली वाढलेला माणूस. छपरावर कुणी झोपतं हे त्याला पटलंच नसेल. त्यानं धाब्याचा ओटा केला.

"हा अंदाज झाला," नाना म्हणाले. "पुरावा?"

मी वगळलेली वाक्यं वाचू लागलो. तिसरंच वाक्य होतं, 'उजाडल्यावर मी शिडीने खाली आलो.'

ओट्यावरून कुणी शिडीनं उतरत नाही. शिडी पंचनाम्यात होती. नानांनी ती भिंतीला लावलेलीही होती, कशासाठी ते न कळता.

त्यांनी आबांना धाब्यावर नेलं. दार दिसलं. उंबरा, पायरी, शेठजी, सगळं.

"अक्का, आबा खरं बोलना."

अक्का म्हणाल्या, "आते मी जेवस," आणि फोन ठेवला.

मी चहा ठेवायला उठलो. नाना हलले नाहीत. "ते वाक्य पुन्हा वाचा," म्हणाले. मी वाचलं.

"उजाडल्यावर," ते म्हणाले. "खून तर उजाडायच्या आधीच झाला, चांदण्यात. म्हणजे आबा वरून सगळं बघत पडून राहिले. अठरा फुटांवर. हाक मारली असती तर पोचली असती."

मी कागद मिटायला घेतले.

"साक्षीदाराचं वय काय लिहिलंय?"

मी पान उलटलं. "एकोणीस."

धाब्यावरचे आबा पांढऱ्या मिशांचे होते. घरात असलेल्या एकुलत्या एका फोटोवरून केलेले. नाना त्यांच्याकडे बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी मिशी काढली. केस काळे केले. खांदे अरुंद केले. आणि एक गोधडी करायला बसले. ती काही केल्या नीट पडेना. कडा हवेत राहायच्या.

"नाना, कागदात गोधडी नाही."

"पहाटे धाब्यावर गार लागतं," ते म्हणाले, आणि गोधडी त्या पोराच्या खांद्यावर ओढून घेतली.